सव्वादहाची कुपी

"टोचून बी गोवर आलाच ना? मंग कशाला टोचाचा?"

सारसोळ्याच्या समाजमंदिराच्या ओट्यावर बारा बायका पोरं घेऊन बसल्या होत्या आणि एकीनेही पोराचा दंड पुढे केला नव्हता. विचारणारी होती रंगूबाई, कोळीवाड्यातली सगळ्यात मोठ्या तोंडाची आजी. वैजयंतीने लशीची पेटी उघडली आणि पुन्हा बंद केली. आठ वर्षं ती दर बुधवारी या गावात येत होती. साताऱ्याकडची ही आरोग्यसेविका मासळीच्या वासाने नाक मुरडते म्हणून बायका तिची यथेच्छ थट्टा करत, पण तिच्या सुईवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. आज घेतली होती, आणि ती रास्त आहे हे त्या ओट्यावर तिला एकटीलाच ठाऊक होतं.

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. गोवराची लस म्हणजे कोरडी भुकटी. पाण्यात मिसळली की चार तासांत वापरायची, उरली तर सरळ फेकून द्यायची. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्या दिवशी तिने सव्वादहाला कुपी मिसळली, दोन पोरांना टोचलं, आणि मग ओटा ओस पडला. बायका बाजारात गेल्या होत्या. तीन वाजता ती आवराआवर करत असताना सगुणा लेकीला काखोटीला मारून धावत आली. पोरीचं नाव प्रियदर्शिनी, पण एवढं लांबलचक नाव कोण घेणार? सगळे तिला पिरू म्हणत. दीड वर्षाची झाली तरी तिला गोवराची लस दिलेली नव्हती. वैजयंतीने नऊ महिने सगुणाची पाठ धरली होती.

"बाई, थांबा! मासलीची अर्धी पाटी टाकून आयले मी."

पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. दुसरी कुपी नव्हती. पुढल्या बुधवारी ये म्हटलं असतं तर सगुणा पुन्हा आली नसती, हे एक कारण. दुसरं कारण वैजयंतीने कधी कुणाला सांगितलं नाही. ती दमली होती, आणि हाताशी आलेलं काम सोडवत नव्हतं. पाऊण तासाने काय होतंय, म्हणत तिने सुई भरली आणि कार्डावर झोकदार सही ठोकली.

शिमग्याच्या सुमारास वस्तीत गोवर शिरला. पिरू तापाने फणफणली. घरात देवी आली म्हणून दाराला कडुलिंब लागला, घरातली फोडणी बंद झाली. ताप डोक्यात गेला, कान वाहू लागले. तीन आठवड्यांनी पोर उठली, पण आईने हाक मारली की वळेना. मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, दोन्ही कान गेले.

ताजी, थंडगार लस दिली तरी एखाद्या पोराला ती लागू पडत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. त्या एका वाक्याला धरून वैजयंतीने पाच महिने काढले होते. वाक्य खरं होतं. तिला मात्र त्याची लाज वाटायची.

"सुईला दोस नका देव गो."

मागून सगुणा आली होती, पिरूचा हात धरून. "बाकीच्या पोरांना टोचला, त्यांना कुठं आला? दोस माजा हाय. घरान देवी बसलेली न मी तिसऱ्या दिवशी मासली विकाला गेले. देवी रागावली. माजे पोरीचं कान घेऊन गेली. तुमी टोचा पोरांना."

"ते बी खरंच हाय," रंगूबाई म्हणाली. बायका सरसावून बसल्या. एकीने पोराची बाही वर केली.

सगळं आयतं जुळून आलं होतं. पोरांना लस मिळणार होती. वैजयंतीला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्याची तिला आता चांगली सवय झाली होती.

"सगुणा," ती म्हणाली. "देवी नाही गं रागावली. चूक माझी आहे. पिरूला दिलेली लस सकाळी मिसळलेली होती. फेकून द्यायची वेळ होऊन गेली होती. चांगली असती तरी कदाचित गोवर आला असता. ते आता कुणालाच कळायचं नाही. पण मला ठाऊक होतं, आणि मी टोचली."

सगुणा दोन पावलं पुढे आली.

"तुमाला ठाव होता?"

"हो."

"तवापासून?"

"हो."

"मी देवीचे पाया परून परून कपाल झिजवला." सगुणाचा आवाज चढला नाही. "तुमी घरी येत होतात. माज्या हातची चाय पीत होतात."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते वैजयंतीला त्या क्षणी कळलं.

मग रंगूबाईने खाकरून विचारलं, "आजची कवा मिसलली?"

"अजून नाही मिसळली. तुमच्यासमोर मिसळते."

बारा बायकांच्या नजरा तिच्या हातांवर होत्या. तिने भुकटीत पाणी मिसळलं.

"किती वाजलं ते मोठ्यानं सांग," रंगूबाई म्हणाली.

"दहा वाजून वीस मिनिटं."

रंगूबाईने नातवाचा दंड पुढे केला. पोराने भोकाड पसरलं.

सगुणा तोवर ओटा उतरून निघाली होती. पिरू हात सोडवून रस्त्याच्या मधोमध दुडुदुडु चालत होती. मागून बर्फाचा टेम्पो आला. त्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग दाबूनच धरला. वाटेवरची पोरं पांगली. पिरू आपल्याच नादात चालत राहिली. सगुणाने धावत जाऊन तिला कडेला ओढलं.

"बहरी है क्या?" टेम्पोवाला खिडकीतून ओरडला.

सगुणाने त्याच्याकडे बघून मान हलवली, हो म्हणून.