सिस्टरचा अंबाडा

मुलांच्या दवाखान्यातल्या सिस्टरला एक वाक्य तोंडपाठ होतं. डोकं खाजवणारं लेकरू घेऊन कुणी आई आली, की सिस्टर हळू आवाजात सांगायची, "घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. ज्यांच्यात निघतील, त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावा, आणि आठवड्याने परत लावा. एक डोकं सुटलं तर सगळी मेहनत पाण्यात."

आणि तिच्याच लेकीच्या, चिमीच्या डोक्यात तीन महिन्यांत चौथ्यांदा उवा झाल्या होत्या.

पहिल्या तीन वेळा तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. औषधसुद्धा दोन चौक पलीकडच्या दुकानातून, तोंडावर पदर घेऊन आणलं. चौथ्यांदा मात्र तिचा धीर सुटला. दोष कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय तिला चैन पडेना, आणि माथा सापडला तो बटणचा.

बटण म्हणजे गल्लीत कपडे शिवणाऱ्या शिलाईताईची मुलगी. मशीनखाली बटणं वेचत लहानाची मोठी झाली म्हणून सगळे तिला बटणच म्हणत. ती वर्गात चिमीच्या बाकावर बसायची. शाळेच्या फाटकाशी, चारपाच आयांच्या देखत, सिस्टर वर्गाच्या बाईंना म्हणाली, "त्या मुलीला जरा वेगळं बसवाल का? त्यांच्याकडे कुणाकुणाचे कपडे येतात. आई बिचारी कुठे कुठे बघणार?"

दवाखान्यातली सिस्टर म्हणते म्हटल्यावर बाईंनी लगेच मान डोलावली. शिलाईताई मागेच उभी होती. गळ्यातली टेप तिने नुसती मुठीत घट्ट धरली.

त्या दिवसापासून बटण शेवटच्या बाकावर एकटी.

"आई, बटण एकटीच डबा खाते गं," चिमी सांगायची. "मी गेले की बाई ओरडतात. आता ती माझ्याकडे बघतपण नाही."

"होईल सगळं नीट," सिस्टर म्हणायची. चिमीच्या डोक्याला औषध लावून झालं, आठवड्याने परत लावून झालं.

पंधरा दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, चिमीला पुढ्यात घेऊन ती फणीने केस विंचरत होती. पांढऱ्या फडक्यावर टपकन एक ऊ पडली. मग दुसरी.

सिस्टरचा हात थांबला. पंधरा दिवसांत बटण चिमीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती. मग या आल्या कुठून?

दुसरा हात मात्र थांबला नव्हता. तो आपोआप तिच्या स्वतःच्या कानामागे गेला होता आणि अंबाड्याच्या पिना सारून खाजवत होता. गेले दोन महिने तो असाच जात होता. सिस्टर म्हणायची, टोपीचा उबारा. कधी म्हणायची, नवा साबण मानवत नाही. आणि चिमी रोज तिच्याच कुशीत, डोक्याला डोकं लावून झोपायची.

ती आरशापुढे गेली. पण स्वतःच्या डोक्याचा मागचा भाग कुणाला दिसलाय?

"अहो, जरा माझे केस बघता का?"

नवऱ्याचं डोकं असं गुळगुळीत, की ऊ चढली असती तर घसरून पडली असती. त्याने चष्मा पुसला, वाकून पाहिलं. "मला तुझा अंबाडाच अंधुक दिसतो गं. त्यातली ऊ काय दिसणार?"

त्या दिवशी देवापुढे बसल्यावर तिचं नामस्मरण पुढे सरकेना. देवाला सगळं सांगून झालं, तरी छातीवरचं ओझं तसंच. दुखवलं होतं दुसऱ्याच कुणाला. तिने दिव्यात तेल घातलं, चपला पायात सरकवल्या आणि गल्लीत गेली.

शिलाईताईने मशीन थांबवलं नाही. "काय शिवायचंय, सिस्टर?"

"काही नाही. चिमीच्या डोक्यात परत झाल्यात."

"बटणच्या नाहीत. तुम्हीच दवाखान्यात सांगितलं होतंत, तसं केलं. माझं, बटणचं, सासूबाईंचं डोकं तपासलं, एकाच दिवशी. आठवड्याने परत." मग मशीन थांबलं. "तुमचं डोकं कुणी पाहिलं?"

सिस्टर खाली बघत राहिली. "कुणीच नाही."

शिलाईताईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग मशीनवरचा दिवा वळवला, अस्तराचा पांढरा तुकडा जमिनीवर पसरला. "बसा."

सिस्टर तिच्या पायाशी बसली. एकेक पिन निघाली, अंबाडा पाठीवर सुटला. सुईत दोरा ओवणारी ती बोटं केसांची बट न् बट वेगळी करत गेली.

"आहेत?"

"अहो, वसाहत आहे! कानामागे लिखांची रांगच लागलीय. आणि ही बघा, ही तर पणजीबाई." तिने ती नखावर घेऊन दाखवली. हसली मात्र नाही.

सिस्टरचे कान तापले. "ताई, चुकलं माझं. माझंच घाण डोकं, आणि बोल तुमच्या लेकीला लावला."

"घाण कशाला? स्वच्छ डोक्यातही होतात, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?" फणी फिरत राहिली. "पण माफी इथे नका मागू. इथे आपण दोघीच. जिथे बोललात तिथे बोला."

त्या रात्री आईने आणि लेकीने एकदमच औषध लावलं. सकाळी सिस्टरने अंबाडा घातला नाही. साधी वेणी घालून फाटकाशी गेली. बाई होत्या, त्याच चारपाच आया होत्या. तिचा आवाज नेहमीच हळू. आज तो मुद्दाम मोठा करावा लागला.

"बाई, बटणला चिमीशेजारी बसवा. उवा माझ्या डोक्यातून येत होत्या. सगळ्यांची डोकी तपासत आले, माझं तेवढं राहिलं."

दोघी आया नकळत एक पाऊल मागे सरकल्या. ते एक पाऊल सिस्टरला स्पष्ट दिसलं. मागच्या वेळी ते कुणाला दिसलं असेल, हेही तिला कळलं. बटण आईच्या मागे लपून सिस्टरच्या वेणीकडे टक लावून बघत होती.

शिलाईताई जागची हलली नाही. उलट जवळ आली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पुढच्या सोमवारी संध्याकाळी या, सिस्टर. दुसऱ्यांदा लावायचं चुकवू नका. आणि येताना चिमीलाही आणा."