‘ऊठ’ म्हणणारा भोंगा

मित्रांनो, माझा आवाज बारीक येत असेल तर सांभाळून घ्या. बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत. मी हातात धरून बोलायचा एक भोंगा आहे, वय वर्षे बावीस, रंग मूळचा पांढरा. मोरोक्कोच्या डोंगराळ भागातल्या एका गावी, क्रीडासंघाच्या खोलीत, फुटबॉलच्या फाटक्या जाळीखाली माझा मुक्काम असतो. माझ्यामुळे एका मुलीचा डावा गुडघा गेला, असं मी बरीच वर्षं समजत होतो. त्या गुडघ्याची ही गोष्ट.

माझा पहिला मालक मासळीवाला होता. त्याने ‘सार्डिन घ्या, ताजी सार्डिन’ ही आरोळी माझ्या पोटात भरून ठेवली होती. मी ओरडत असे आणि तो गाडीवर बसून पुदिन्याचा चहा पीत असे. पुढे त्याने मला धावण्याचे प्रशिक्षक सी बूअज्जा यांना देऊन टाकलं; आमच्याकडे ‘सी’ म्हणजे श्रीयुत. आरोळी पुसायची मात्र राहून गेली. सरावाच्या वेळी चुकीचं बटण दाबलं गेलं की मी ताजी सार्डिन विकायला लागे आणि मुली तेवढ्यावरच पळत सुटत. हळूहळू तोच इशारा ठरला. त्यामुळे खऱ्या स्पर्धेत पिस्तूल वाजलं तरी आमच्या मुली अर्धा सेकंद माशांची वाट बघत उभ्या राहत.

त्यांच्यात इत्तो होती. एकोणीस वर्षांची, मेंढपाळाची मुलगी. पायात भावाचे बूट, दोन मापांनी मोठे, पुढे लोकर कोंबलेली. सी बूअज्जा सगळ्यांत जास्त तिच्यावरच ओरडत, म्हणजे ती त्यांची लाडकी होती.

“इत्तो, तू धावतेयस की आत्याकडे निघालीयस?” ते माझ्यातून विचारत.

“आत्याकडेच, सी बूअज्जा. तिथे निदान जेवायला तरी घालतात.”

मला त्या दिवसांत फार भारी वाटायचं. माझ्या एका शब्दावर माणसं पळत होती.

मग प्रांताची शर्यत आली, पाच हजार मीटरची. पहिल्या दोघींची राष्ट्रीय शिबिरासाठी निवड होणार होती. दोन फेऱ्या उरल्या तेव्हा इत्तो दुसरी होती. वळणावर मागच्या मुलीचा पाय लागला आणि इत्तो डाव्या गुडघ्यावर आपटली. सी बूअज्जा कुंपणापाशी उभे होते, फार तर वीस पावलांवर. माझं तोंड थेट तिच्याकडे होतं. ती म्हणाली, “गुडघ्यात कट्कन काहीतरी तुटलंय. मला नाही उठता येत.”

मला ते स्वच्छ ऐकू आलं. पण माझं बटण दाबलेलं होतं आणि मी म्हणत होतो, “ऊठ, इत्तो, ऊठ!” मित्रांनो, भोंग्याला ऐकलेलं परत मागे सांगता येत नाही, आमची रचनाच तशी आहे. प्रेक्षकांनीही ‘ऊठ, ऊठ’ असा ताल धरला. ती उठली. दोन फेऱ्या लंगडत पूर्ण केल्या आणि शेवटून पहिली आली. लोक ढसाढसा रडले. डॉक्टर नंतर म्हणाले, पडताना गुडघ्यातला बंध थोडाच फाटला होता, बाकीचा त्या दोन फेऱ्यांनी फाडला. पडून राहिली असती तर पुढच्या वर्षी धावली असती.

ती पुन्हा कधीच धावली नाही. औषधांच्या दुकानात कामाला लागली, कारण तिथे स्टूल होतं.

चार वर्षांनी शहरातून चित्रपटवाले आले. त्यांना इत्तोच्या त्या शर्यतीवरून जिद्दीवर चित्रपट काढायचा होता. सी बूअज्जांचं काम एका देखण्या नटाने केलं. माझं काम एका लाल भोंग्याला मिळालं, कारण मी पडद्यावर भोंग्यासारखा दिसत नाही म्हणे. मला दिग्दर्शकाने ‘पुन्हा एकदा’ ओरडायला ठेवून घेतलं. नायिकेला पडायची भीती वाटत होती, म्हणून तिच्याऐवजी पाठमोरं पडायला कोणीतरी हवं होतं. उंची जुळली ती इत्तोचीच. तिने उजव्या गुडघ्यावर पडू का म्हणून विचारलं. नको म्हणाले, मूळ घटनेत डावा होता. ती सहा वेळा पडली. चौथ्यांदा दिग्दर्शक माझ्यातून म्हणाला की वेदना खरी वाटत नाहीये.

चित्रपटात ती उठते आणि पहिली येते.

तो आमच्या गावच्या शाळेत दाखवला गेला, तेव्हा इत्तोला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मंचाच्या तीन पायऱ्या चढायला तिला इतका वेळ लागला की तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी तिची ओळख करून दिली आणि आभारही मानून टाकले. माइक बंद पडला होता, म्हणून तिच्या हातात मला दिलं. एका मुलीने विचारलं, “ताई, उठायची ताकद कुठून आली?”

इत्तोने मला पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाशी धरलं.

“ताकद नव्हती गं. उठायला नको होतं.”

बाईंना तो विनय वाटला. त्यांनी खूण केली आणि दोनशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतले सी बूअज्जा तेवढे वाजवत नव्हते. ते उठून मंचापाशी आले. आता मला मागून घेणार, असं मला वाटलं. त्यांनी मला हातही लावला नाही. भोंग्याशिवाय त्यांचा आवाज इतका लहान असेल, याची मला कल्पना नव्हती.

“इत्तो, त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं.”

“माहितीये मला,” ती म्हणाली. “तुम्ही मधे जरासे थांबला होतात. मग पुन्हा बटण दाबलंत.”

ते थांबणं मला आठवतं. मला वाटलं होतं, ते श्वास घेतायत.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ तुम्ही पुसली नाहीत तरी चालेल. जाळीखाली मी बरा आहे. एवढंच करा. कोणी पडलं आणि काही बोललं, तर तो श्वास थोडा लांबवा, भोंगा कुंपणावर ठेवा आणि वीस पावलं चालत जा. बटण कुठे पळून जात नाही.