माळीकाकांचा ताप

किडनी बदललेल्या माळीकाकांचा ताप आठ दिवस उतरेना. फुफ्फुसात बुरशी सापडली, पण ती आली कुठून? असले जंतू शोधण्यात माझी वीस वर्षं गेली, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. खाटेभोवती येरझाऱ्या घालत मी तिसऱ्यांदा विचारलं, "मांजर? कबुतरं? माती?"

"मातीला बोटही लावलं नाही."

"खरंय हो," काकू म्हणाल्या. "कुंड्या मीच भरते. हे फक्त खतात नाक खुपसून वास घेतात, मुरलंय का बघायला."

माझा पारा चढला. त्यांना दाखवायला उशाचं सूचनापत्रक उचललं. 'मातीला हात लावू नका.' एवढंच; वास घेण्याबद्दल काही नाही. खाली माझीच सही.

"हे कितीजणांना दिलंय?" मी नर्सला विचारलं.

"सगळ्यांनाच, मॅडम."