पडद्यावर आलेला तलाव

मी एक जुनी पांढरी चादर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, स्वभावाने मी भारी संशयी आहे. यात माझा दोष थोडा आणि नशिबाचा जास्त. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास मोहाडीच्या एका मागावर मी विणली गेले. मागावरून उतरले तशी विणकराने मला उजेडात धरलं, कुठे धागा सुटला का बघायला. बाजारात दुकानदाराने धरलं. घेणाऱ्या बाईने तर बोट घालून घालून पाहिलं. जन्मल्यापासून जिच्यात सगळे भोकच शोधतात, ती दुसऱ्यावर विश्वास ठेवायला कुठून शिकणार?

ती बाई म्हणजे आमच्या हर्षा मॅडमची आई. तिने मला पाहुण्यांसाठी राखून ठेवलं. पाहुणे माझं कौतुक करायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे. पुढे फुलाफुलांच्या चादरी निघाल्या आणि माझी रवानगी पेटीच्या तळाशी झाली. तिथे डांबरगोळ्यांच्या वासात माझी बरीच वर्षं गेली.

मग हर्षा शिक्षिका झाली. आंबागडकडच्या एका लहानशा गावात, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, तिची प्राथमिक शाळा. गावाने वर्गणी करून प्रोजेक्टर घेतला, पण पडद्याचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मॅडमने मला पेटीतून काढलं, भिंतीवर खिळ्यांना ताणून बांधलं आणि म्हातारपणी माझी नोकरी सुरू झाली.

नोकरी मोठी विचित्र. चित्र माझ्या अंगावर पडायचं, पण मला ते कधीच दिसायचं नाही. आपली पाठ आपल्याला दिसते का? मला दिसायची ती समोरची पोरं. त्यांचे डोळे मोठे झाले की मी समजायचे, काहीतरी भारी चाललंय. पण काय? वजाबाकी की आणखी काही? इंटरनेटवर काय काय असतं, हे मी पेटीवर बसून गप्पा मारणाऱ्या बायकांकडून ऐकलं होतं. माझ्याच अंगावर उजेड टाकून या लेकरांना भलतंच काही दाखवत नसतील ना, या शंकेने मला चैन पडत नसे.

शंका मला एकटीलाच नव्हती. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून मॅडम दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. वर्गात रेंज नव्हती, म्हणून शाळा सुटल्यावर तलावाच्या पाळीवर चढून, मोबाईल उंच धरून, दुसऱ्या दिवशीचे धडे उतरवून घ्यायच्या. प्रत्येक धडा आधी स्वतः पूर्ण बघायच्या, मगच वर्गात लावायच्या. गावाला मात्र एवढंच दिसायचं की दिवसा शाळेचं दार बंद असतं आणि संध्याकाळी बाई पाळीवर मोबाईल घेऊन फिरतात.

यावर सगळ्यात जास्त बोलायचे ते सुखराम, शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाळीच्या अगदी खाली, पाटाला लागून.

एक दिवस मॅडमने पाण्याच्या धड्यावरची फिल्म लावली. ती संपल्यावर रुचिता उठली. तिच्या बापाची, संघपालची बांधी त्याच पाटाच्या पार शेवटाला.

"मॅडम, यात तं मोठमोठे धरणच हायेत," ती म्हणाली. "आपला तलाव काहून नाई जी?"

मॅडम हसल्या. "इंटरनेटवाल्यांनी आपला तलाव पाहिलाच नसन बेटा. आपणच टाकू त्यात."

त्याच संध्याकाळी त्यांनी पाळीवरून तलावाचे आणि पाटाचे फोटो काढले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सुखराम पालकांना घेऊन वर्गात हजर. सोबत त्यांची बायको मंदाबाई होती, संघपाल होता, बाकीचे आईबाप होते.

"दारं लावून पोरायले सिनेमे दाखवते हे बाई," सुखराम म्हणाले. "पाळीवर उभी राहून कोनाकोनाशी बोलते. असी मास्तरीन आमाले नाई पायजे. ते राहत असन तं आमी पोरायचे दाखले काढून मोहाडीले टाकतो."

पटावर आधीच मूठभर पोरं. दाखले निघाले असते तर मॅडमच काय, शाळाच उठली असती.

मॅडमने मोबाईल पुढे धरला. "मी कोणाशी बोलत नाही, सुखरामभाऊ. तिथंच रेंज भेटते. मोबाईलमध्ये जे धडे आहेत ते आत्ता सगळे लावते. तुम्हीच पाहा."

"हो, दाखवा ना आमालेबी," मंदाबाई म्हणाली.

"काई गरज नाई पाहाची!" सुखराम घाईघाईने म्हणाले. "मले सगळं माईत हाय."

मी एकदम सावध झाले. ज्याने बोभाटा केला, त्यालाच बघायला का नको?

पण पालक खाली बसले होते. खिडक्या लागल्या. पोरं पाढे म्हणू लागली, मग एक गाणं झालं, मग बेरजा. समोरचे आवळलेले ओठ हळूहळू सैल पडत गेले. एक आई तर पोरांसोबत बोटं मोजायला लागली. मला वाटलं, वाचलो आपण. एवढ्यात पोरं टाळ्या पिटून ओरडली.

"आपला तलाव! आपला पाट! अन् थे पाहा सुखराम आबाजी, फावड्यानं पानी आपल्या बांधीत वळवून राहिले!"

संघपाल उठून पुढे आला, इतका जवळ की त्याचा श्वास मला लागत होता.

"मॅडम, हा फोटो कवाचा होय?"

"कालचा. संध्याकाळचा."

"काल पान्याची बारी माही होती." तो सुखरामांकडे वळला. "मले वाटलं, तलावातच पानी कमी झालं. धान निसवून राहिला माहा, लोंब्या निंगून राहिल्या, अन् बांधीले भेगा पडल्या."

"पाहिलं?" सुखराम उसळले. "मनलो होतो ना! हे बाई माह्यावर पाहारा ठेवून राहिली!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, मित्रांनो. मॅडमला पाण्याच्या बारीचं, कोणाची पाळी कधी याचं, काही ठाऊकही नव्हतं. त्यांनी आपला तलाव टिपला होता, त्यात सुखराम आपल्याच पायांनी येऊन उभे राहिले.

मंदाबाई उठून उभी राहिली. "पाहारा कायचा जी? पानी चोरलं तुमी, अन् बुडवाले निंगाले पोरायची शाळा?"

सुखरामांची मान खाली गेली. ते दार उघडून निघून गेले. मॅडमने ते दार पुन्हा लावलं नाही, उजेडात चित्र फिकं दिसेल म्हणून पोरांनाच थोडं पुढे सरकून बसायला सांगितलं. दाखल्यांची गोष्टही नंतर कोणी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी रुचिता वर्गात उड्या मारतच आली. "मॅडम, आबाजीनं सोता पाट मोकळा करून देल्ला. आमच्या बांधीत पानी आलं!" तिचा चेहरा पाहून मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आता शाळेत मोठा टीव्ही आला आहे आणि मी कपाटात पडून असते. मॅडम अजून रेंजसाठी पाळीवर जातात. पोरं सांगतात, त्या दिसल्या की सुखराम बांधीतूनच ओरडतात, "मॅडम, आज माहीच बारी होय जी! खुशाल काढा फोटो!"

मित्रांनो, मला अधूनमधून धुऊन उन्हात घाला, उंदरांपासून जपा. आणि शंका आली तर ती जरूर घ्या, पण समोर बसून, नीट बघून, चारचौघांत विचारून घ्या. मग ती इंटरनेटवरची फिल्म असो की गावात आलेली नवी बाई. आणि न बघताच कोणी म्हणाला की मला सगळं माहीत आहे, तर त्याच्या बांधीत कोणाचं पाणी चाललंय, ते आधी जाऊन बघा.