ताईचा पेला

"काटा खोटं बोलतोय," असं पुटपुटत त्याने घरचा वजनकाटा उलटा केला आणि स्क्रू सोडवायला घेतले.

"बाजारातले काटे संपले वाटतं, म्हणून घरचा खोलायला बसलास?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अगं, चार दिवसांत एवढं वजन? जेवण तर जात नाही. मी काय दगड गिळतोय?"

उभा जन्म काटे दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. भाजीवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळे त्याला काटेवाला म्हणूनच हाक मारत. त्याने स्प्रिंग पुसली, सुई शून्यावर आणली आणि पिशवीतली आपली वजनं एकेक करून वर ठेवली. काटा अगदी सरळ होता. मग त्याने मोजा खाली सरकवून घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. दगड नव्हे, पाणी साठत होतं हे त्याला आता नाकारता येत नव्हतं.

त्याच्या स्वतःच्या दोन किडन्या कधीच्या सुकल्या होत्या. रक्तातली घाण गाळायची, मीठ किती ठेवायचं आणि पाणी किती बाहेर सोडायचं ते ठरवायचं, हे सगळं काम तिसरी करत होती, आणि ती ताईची होती. ताई, त्याची मोठी बहीण, रस्ता ओलांडताना गाडीखाली आली. डोक्याला मार बसला, मेंदू मेला, बाकी देह धडधाकट. भाऊ त्याच दवाखान्यात यंत्रावर रक्त धुऊन घेत दिवस काढत होता. आईने किडनी द्यायच्या कागदावर क्षणभरही न थांबता सही केली, असं शेजारीण अजून सांगते.

ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आला तेव्हा आई उशाशी होती. पोटात, उजव्या बाजूला खाली, नवी किडनी शिवली होती आणि पलंगाला लघवीची पिशवी कोरडी लटकत होती. नर्स सारखी वाकून बघत होती. आईने हलकेच त्या पट्टीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, आटप गं. सगळे खोळंबलेत."

आणि नळीतून धार लागली. नर्सने हसत डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्याला मात्र हसू आलं नाही. हे वाक्य त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. कुठेही जायला निघालं की ताईला नेमकी दारात लागायची. सगळे चपला घालून उभे आणि आई बाथरूमच्या दारावर थापा मारतेय, "ताई, आटप गं, सगळे खोळंबलेत."

तेव्हापासून त्यालाही दारातच लागू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, बसवलेल्या किडनीला कसलं आलंय मन? ती गाळणी आहे. तुमच्या मनाची समजूत आहे ती." असेल. पण सिनेमाला मध्यंतरापर्यंत तो टिकत नसे, आणि रस्त्यात कुणी कुणाला "ताई" म्हणून हाक मारली की त्याची मान आधी वळे.

आईला समजुतीची गरजच नव्हती. तिच्या लेखी मुलगी गेली नव्हती, माहेरी राहायला आली होती. ती रोज सकाळी पाण्याचे दोन पेले भरायची, एक त्याचा, एक ताईचा. भरपूर पाणी प्या असं दवाखान्यातच सांगितलेलं, त्यामुळे तो दोन्ही रिकामे करी. मग आई त्याच्या सदऱ्यावरून तिथे तळवा टेकवून विचारी, "बरी आहेस ना गं?" तो भिंतीकडे बघत उभा राही. खरं सांगायचं तर त्या वेळी त्याला त्या खोलीत आपण तिसरे आहोत असं वाटे, चोरून ऐकणारे.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. "किडनी थकलीय. तुम्ही पिताय ते पाणी ती बाहेर टाकत नाही. पाणी अगदी मोजून, नाहीतर छातीत साठेल आणि जीव जाईल."

घरी येऊन त्याने अर्धंच सांगितलं, "पाणी कमी करायला सांगितलंय." पुढचं ओठांवर येऊन अडलं. ताई थकली हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"मग तुझं कमी कर," आई म्हणाली. "तिचं का तोडतोस?"

आणि त्या शहाण्याने तेच केलं. आपला पेला सोडला, घशाला कोरड पडली तरी सोडला, आणि ताईचा पेला आईच्या हातून रोज निमूट प्यायला. वर दुपारीही आई म्हणायची, "तिला तहान लागली असेल रे." नाही म्हणणं म्हणजे बहिणीला दुसऱ्यांदा मारणं होतं.

आता त्याने काटा परत जोडला. पायऱ्या चढताना दम लागत होता, आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होई. आज दवाखाना टळणार नव्हता. परत ते यंत्र, परत त्या सुया. त्याने पिशवी भरली. आई दारात आली. तिच्या हातात ताईचा पेला होता.

"आधी जाऊन ये. तिला लागलीच असेल."

तो बाथरूममध्ये गेला आणि कडी लावून उभा राहिला. लागली नव्हती. कालपासून जेमतेम चमचाभर. त्याने पोटावर, तिथे, हात ठेवला. "ताई, आटप गं," तो इतक्या हळू म्हणाला की त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. काही नाही. शेवटी त्याने बादलीत नळाची बारीक धार सोडली. दाराबाहेर ऐकू जाईल एवढी.

थाप पडली नाही.

"बाळा," आईचा आवाज दाराला अगदी लागून आला, "नळ बंद कर. बादलीतला आवाज मला कळत नाही का?"

तो बाहेर आला. मान वर करायची हिंमत होईना. आईने त्याच्या सदऱ्यावरून तळवा टेकवला आणि डोळे मिटले. या वेळी तिने काही विचारलं नाही.

"दमली," ती म्हणाली. "तुझं-तिचं दोघांचं किती वर्षं ओढलं. निजू दे तिला."

"आई, मी सांगणार होतो गं..."

"गप. तू मला जिवंत हवा आहेस."

त्याने सवयीने पेल्याकडे हात नेला. आईने पेला मागे घेतला, तोंडाला लावला आणि एका दमात, मान मागे टाकून, गटगटा संपवला. आई असं कधी पीत नसे. तिचं पाणी घोट-घोट, मध्ये थांबत. असं फक्त ताई प्यायची.

तिने मनगटाने ओठ पुसले, चपला पायात सरकवल्या, उंबऱ्यापर्यंत आली आणि थबकली.

"जरा थांब हं," ती अवघडून म्हणाली, "मी पटकन जाऊन येते."

बाथरूमचं दार लागलं. तो पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा राहिला.