चिंचेचं बुटूक

"पाठवणीला जो बायका रडवील, त्यालाच मास्तरची टोपी," मोहनराव म्हणाले. "आन् आज ती धून सोमनाथ वाजवंल."

बँडच्या मालकांनीच पळसदेवच्या मांडवात सर्वांदेखत सांगितलं. सोमनाथनं लगबगीनं क्लॅरोनेट पुसायला घेतली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मागं वाजवल्यावर चौऱ्याण्णवच्या लगीनसराईत त्याचं घोडं एकदाचं गंगेत न्हाणार होतं. त्यानं आनंदानं सर्जेरावाकडं पाहिलं. ट्रम्पेटवाला सर्जेराव त्याच्याबरोबरच बँडात आलेला. दोघं एका ताटात जेवत.

"वाजीव की लेका," सर्जेराव हसला. "मालकाचा लाडका हायस तू."

सोमनाथला ती थट्टाच वाटली. भोळ्या माणसाला थट्टेतला काटा टोचत नाही.

नवरी आईच्या गळ्यात पडली. सोमनाथनं सूर लावला. बायकांचे पदर डोळ्यांकडं निघाले. ट्रम्पेटवाला रिवाजाप्रमाणं समोर उभा होता. दम कुठं घ्यायचा, ते त्याच्या मानेवरून कळायचं, म्हणून नजर हलवायची सोय नव्हती. तेवढ्यात सर्जेरावानं खिशातून चिंचेचं बुटूक काढलं आणि मचामचा चोखायचं सोंग केलं.

फुंकणाऱ्यापुढं कुणी चिंच खाल्ली, की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि सूर बुडतो. हा डाव वैरी बँडवाले करायचे. घरचं माणूस करत नसे. सोमनाथचं तोंड भरून आलं. क्लॅरोनेटमधून फुर्रर्र असा आवाज निघाला. सगळं वऱ्हाड हसलं. रडणारी नवरीसुद्धा फिसकन हसली.

तुटल्या जागीच सर्जेरावानं धून उचलली. त्याचं तोंड कोरडं होतं. चिंच त्यानं जिभेला लागूच दिली नव्हती. बायका धाय मोकलून रडल्या आणि मोहनरावांनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.

"मालक, ह्यानं चिंच दावली मला!"

"आरं, चिंचंनं सूर जातोय त्यो मास्तर कसला?" मोहनराव म्हणाले आणि सगळे पुन्हा हसले.

"गंमत केली रं," सर्जेराव म्हणाला.

टोपी गेल्याचं दुःख सोमनाथनं गिळलं असतं. सर्जेरावानं नुसती मागितली असती, तर त्यानं ती आपल्या हातानं दिली असती. त्याला सलला तो 'गंमत' हा शब्द.

परत वडगाव निंबाळकरला निघताना सर्जेरावानं टेम्पोत आपल्या शेजारची जागा थोपटली.

"ये की सोम्या, बस हितं."

सोमनाथ मागच्या साखळीला धरून उभा राहिला.

"बसा तुमी, मास्तर."

इतक्या वर्षांत त्यानं सर्जेरावाला कधी अहोजाहो केलं नव्हतं. टेम्पो सुटला, तरी सर्जेरावाचा हात त्या रिकाम्या जागेवर तसाच होता.