सोलांज पुढे बसली

"तिथे नाही. मागे," सोलांज म्हणाली.

फेर्नांने जोडसायकलचं पुढचं हँडल धरून एक पाय दांड्यावरून पलीकडे टाकलाही होता. तो तसाच थांबला. चर्चसमोरच्या चौकात आमचा अख्खा सायकल क्लब जमला होता. सगळ्यांना एकदम आपापल्या चाकातली हवा तपासायची आठवण झाली. मी तर वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. माझ्या बुटांना नाडी नाही.

"सवय," फेर्नां म्हणाला.

"माहितेय. चल, मागे."

त्याने पाय परत घेतला आणि दांडा चाचपत मागच्या सीटपाशी गेला. सोलांजने पुढची जागा घेतली, दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे फाकवले, ब्रेक आवळले आणि म्हणाली, "हं, बस आता." तो बसला.

चौकाच्या कडेला त्यांची लेक नादेज गाडीला टेकून उभी होती. तुलूझहून मुद्दाम आली होती. गाडीच्या टपावर सायकल ठेवायचा कॅरिअर लावलेला, दोऱ्या तयार.

"परत एकदा सांगते," ती म्हणाली. "एकदा जरी पडलात, किंवा मॉन्तेग्रालच्या चढावर उतरून ढकलावी लागली, तर सायकल या टपावर चढणार आणि तिथून सरळ माझ्या गॅरेजात. मग परत मागायची नाही."

"कबूल," दोघंही म्हणाले.

"आई, तू जन्मात शिवणयंत्राशिवाय काही चालवलेलं नाहीस."

"शिवण कधी वाकडी गेली का?" सोलांजने विचारलं आणि घंटी वाजवली.

मी आशिल. या गावात आयुष्यभर लोकांचे केस कापले. आता पोट सुटलंय, म्हणून क्लबात सगळ्यांच्या मागे राहायचं काम माझ्याकडे आहे. आमच्यात शेवटचा माणूस महत्त्वाचा. शेवटचा पोहोचल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही, असा आमचा नियम आहे. त्यामुळे दर रविवारी सगळा क्लब माझी वाट बघत उपाशी बसतो आणि मला शिव्या घालतो.

फेर्नां दुधाचा टँकर चालवायचा. आमच्या पठारावरचा एकही गोठा, एकही वळण त्याला ठाऊक नाही असं नव्हतं. सोलांज शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढायची. लग्नानंतर त्यांनी ही हिरवी जोडसायकल घेतली, आणि तो टँकर चालवणारा म्हणून तो पुढे. यावर कधी बोलणंसुद्धा झालं नसेल. जोडसायकलचा कायदा साधा आहे. पुढचा आधी बसतो आणि शेवटी उतरतो, कारण सायकल तोल जाऊ न देता धरायची जबाबदारी त्याची. मागच्याने पायडल मारायचं. मागे ब्रेक नाही, गिअर नाही, हँडलसुद्धा न वळणारं. चाळीस वर्षं सोलांजने त्याची पाठ बघत निम्मा फ्रान्स पालथा घातला. त्या पाठीवरची जर्सी कुठे कुठे रफू केलीय हे तिला तोंडपाठ होतं, कारण रफू तीच करायची.

मग त्याच्या डोळ्यांत बिघाड झाला. बघायला गेलं की मधलंच दिसत नाही, कडा तेवढ्या शाबूत. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी वाईट होईल की नाही सांगता येत नाही, पण बरं होणार नाही. मी केस कापत होतो तेव्हा त्याने आरशात बघून मला सांगितलं, "आशिल, तुझे कान दिसतात. मधला तू गायब. सुधारणाच म्हणायची." दोघंही हसलो. मग मला त्याच्या मानेवरचे केस नीट कापता येईनात.

त्या हिवाळ्यात तो खिडकीपाशी बसून राहायला लागला. टँकर गेला तेव्हा सायकल होती, आता सायकल गेली तर या माणसाचं काय उरणार, हे मला कळत होतं आणि सोलांजला माझ्या आधी कळलं होतं. एक दिवस दुकानाच्या मागच्या दाराने येऊन ती म्हणाली, "मी पुढे बसणार. तू त्याच्या जागी मागे बस आणि मला शिकव." मी म्हटलं, "माझं वजन बघ." ती म्हणाली, "म्हणूनच. तू पेलवलास तर तो पिसासारखा." धान्याच्या गोदामामागच्या पटांगणात आम्ही दोन महिने गोल गोल फिरलो. एकदा काटेरी झुडपात पडलो. ते नादेजच्या कानावर गेलं आणि त्यातून तिची ती अट निघाली.

निघालो एकदाचे. गावाबाहेर पडेपर्यंत जोडसायकल रस्ताभर शिवण घालत होती. माझा जीव मुठीत. मागून नादेजची गाडी, तिचा चेहरा मला हँडलवरच्या आरशात बघवत नव्हता. त्यात एका खड्ड्यात दोघंही हाडं खिळखिळी होतील असे आदळले.

"सोलांज, खड्डा आला की सांगायचं असतं," फेर्नां म्हणाला. "मला काय दिसतंय इथून? तुझी पाठ."

"दिसते का पाठ?"

"कडा दिसतात. रुंद आहेस."

"खड्डा," ती म्हणाली. तिथे खड्डा नव्हता. सूड होता.

नदीपर्यंतचा उतार लागला आणि तिला काय झालं कोण जाणे. तिने ब्रेकवरची बोटं उचलली. आम्ही उतरतो तेव्हा गावं समोरून येतात. आधी चर्चचा मनोरा, मग दगडी छपरं, मग पुलावरची मांजरं. सोलांजला गावं आजवर बाजूने सरकत जातानाच दिसली होती, समोरून येताना कधीच नाही. हिरवी सायकल सुसाट सुटली. एकेकाला मागे टाकत ती पुढे निघाली. आमचा अध्यक्ष लूसिएन शिस्तीचा माणूस, डाव्या बाजूने ती दोघं सणसणत गेली तेव्हा त्याच्या तोंडून नको तो शब्द निघाला. ती घंटी वाजवत होती. पुलावर मी गाठलं तेव्हा तिच्या दातात एक चिलट अडकलं होतं आणि ती हसत होती.

"तू मला कधी सांगितलं नाहीस की हे असं असतं," ती मागे न बघता म्हणाली.

"काय असं असतं?"

"असं येतं. सगळं. अंगावर."

मला वाटलं, झालं, फेर्नांच्या मनाला लागलं. जे गेलं ते याचंच होतं. मी सायकल त्याच्या शेजारी घेतली. तो मान वाकडी करून डावीकडे नाही, समोर नाही, भलतीकडेच तोंड करून बसला होता. आणि मग म्हणाला, "सोलांज, इथे कबुतरखाना आहे."

नदीकाठच्या शेतात जुना दगडी कबुतरखाना आहे, चार खांबांवर उभा. त्याच्या वेळेचा एकही राजा आज कुणाला आठवत नाही.

"आहे की. चाळीस वर्षांपासून आहे," ती म्हणाली.

"मला कुणी सांगितलं नाही."

"मी दर वेळी सांगायचे. तू म्हणायचास, रस्ता बघू दे."

मग अक्रोडाची झाडं आली, भिंतीलगत काळ्या डोळ्यांच्या मेंढ्या आल्या, एका अंगणात कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. त्याच्या डोळ्यांना मधलं दिसत नव्हतं, पण मागच्या सीटवर मधल्याचं कामच काय? तिथून दिसतात त्या कडाच. आणि कडा त्याच्याकडे होत्या. "मेंढ्या," तो म्हणाला. "चादरी. निळी एक आहे." पोरासारखा एकेक मोजून सांगत होता. मी मागे पडायचं माझं काम पुन्हा हातात घेतलं.

मॉन्तेग्राल गाव कड्यावर बसलंय. इंग्रजांशी लढाया चालायच्या त्या काळात ते तिथे बांधलं, शत्रूला वर येताना धाप लागावी म्हणून. शत्रू गेले, आता आम्हाला लागते. आमच्याकडे रीत अशी की वर आधी पोहोचलेले परत खाली येतात आणि मागे राहिलेल्याला सोबत करत वर नेतात. सोलांजने सकाळीच बजावलं होतं, "आज कुणी खाली यायचं नाही. आलात तर डबा दरीत टाकीन." तिच्या डब्यात अक्रोडाचा केक असतो, त्यामुळे कुणी धजलं नाही. क्लब पुढे गेला. नादेजही गाडी वर घेऊन गेली. रस्त्यावर आम्ही तिघं राहिलो.

पहिली दोन वळणं निघाली. तिसऱ्याच्या आधी वेग इतका पडला की पुढचं चाक डुलायला लागलं. सोलांजच्या मानेवरून घाम गळत होता. मी मागे, श्वास रोखून. पाय टेकला की संपलं, हे तिघांनाही माहीत होतं.

"सोलांज," फेर्नां म्हणाला, "किती वळणं राहिली?"

"तीन."

"तसं नाही सांगायचं."

"खोटं सांगू?"

"मी काय सांगायचो तुला?"

तिने दोन पायडलं मारली. मग म्हणाली, "पुढचं वळण शेवटचं. तू दर चढावर हेच सांगायचास. आल्प्समध्येसुद्धा."

"तुला खरं वाटायचं?"

"पहिल्या वर्षी."

"मग नंतर का विचारायचीस?"

"ऐकायला बरं वाटायचं."

"मग म्हण की मला," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "मला पाठ आहे हा रस्ता, तीन आहेत मला माहितेय. तरी म्हण."

"पुढचं वळण शेवटचं," सोलांज म्हणाली.

आणि म्हातारा पेटला. माझ्या डोळ्यांदेखत त्याची पोटरी फुगली, चेन ताणली गेली, आणि डुलणारं चाक सरळ झालं. प्रत्येक वळणावर ती तेच म्हणाली आणि तो प्रत्येक वेळी तसाच पेटला. मी त्यांच्यामागे मनातल्या मनात आरडाओरडा करत होतो. बाहेर आवाज काढायला दम नव्हता.

वरच्या चौकात एका मोठ्या झाडाखाली सगळा क्लब बाकांवर बसला होता, मांडीवर बंद डबे. नादेज गाडीपाशी, हात छातीवर बांधून. सोलांजने सायकल पार झाडापर्यंत नेली, ब्रेक लावले, दोन्ही पाय टेकले आणि थांबली.

कुणी उतरलं नाही.

आम्ही वाट बघत होतो. ती दोघंही सीटवर, चारही पाय जमिनीवर रोवलेले, तोल सांभाळत. मला क्षणभर कळेना.

"उतर," फेर्नां म्हणाला. "मी धरलीय."

"तू उतर. मी धरलीय."

"तुझ्यानंतर मी. नेहमी..." आणि तो थांबला.

चौकात कुणाच्या डब्याचं झाकणसुद्धा वाजलं नाही. लूसिएन आभाळाकडे बघत होता. फेर्नांने किती वेळा या चौकात सायकल धरून ठेवली असेल, सोलांज आरामात उतरून थैलीतून पाव काढेपर्यंत. आधी उतरणं म्हणजे काय, हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

"बरोबर," तो शेवटी म्हणाला. "आता मी आधी."

त्याने पाय मागून वळवून घेतला, जरा अडखळला, सीटला धरून उभा राहिला. नादेज पुढे यायला निघाली होती. सोलांजने तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि ती जागच्या जागी थांबली. मग नादेज वळली, टपावरच्या दोऱ्या सोडल्या, गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकल्या आणि डिकी लावली.

तरीही फेर्नां बाजूला झाला नाही. सोलांज अजून सीटवर होती. त्याने चाचपत मागचं हँडल शोधलं, ते न वळणारं, ज्याने सायकल सावरत नाही, आणि ती उतरेपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

मग लूसिएनने डबा उघडला.